अक्षर लागत नाही

कंपनीचं दुकान बंद होणार ही बातमी आमच्या मोहल्ल्यात टांग्यात बसून आली. टांग्याच्या टपावर भोंगा बांधला होता आणि आतला माणूस घसा फोडून सांगत होता की दुकान उठतंय, सगळा माल निम्म्या भावात, शनिवार आखरी दिन. मी चुलीवर भात टाकून दारात धावले. टांगा वळून दिसेनासा झाला, भोंगा ऐकू येईनासा झाला, तरी मी दारातच. भात करपल्याचा वास शेजारच्या भाभीला आधी आला, मला नंतर. त्या मंगळवारपासून शनिवारपर्यंत मी एका जागी पाच मिनिटं बसले असेन तर शपथ.

हे कंपनीचं दुकान म्हणजे एका मोठ्या कापडगिरणीचं स्वतःचं दुकान. त्या गिरणीनं अशी दुकानं जबलपूर, नागपूर, गोंदिया सगळीकडे काढली होती. बालाघाटला काय पाहून काढलं ते गिरणीलाच ठाऊक. काचेची कपाटं, डोक्यावर पंखा, आणि प्रत्येक कापडावर भावाची चिठ्ठी. भाव एकच, कमी-जास्त बोलायचं नाही. इथेच त्यांचं चुकलं. घासाघीस केल्याशिवाय घेतलेलं कापड अंगाला लागत नाही, अशी आमच्याकडच्या बायांची पक्की समजूत. चार-पाच वर्षं बाया कंपनीच्या दुकानात पंख्याखाली उभ्या राहून गार होत, कापड हाताळत, आणि समोरच्या कापडवाल्या बजाजाकडे जाऊन तासभर भांडून तसलंच कापड घेत. मीही त्यातलीच. मग ते दुकान उठणार नाही तर काय करणार.

पण या खेपेला माझं तिथे खरंच काम होतं. पुढच्या बुधवारी माझ्या नणंदेचं लग्न होतं आणि तिचं लग्नाचं पातळ घ्यायचं राहिलं होतं.

आम्ही बौद्ध दीक्षा घेतलेली माणसं. आमच्याकडे नवरी पांढऱ्या पातळात उभी राहते. दीक्षेच्या वर्षीच सासूबाईंनी घरातलं हळदीकुंकवाचं सगळं सामान उचलून पेटीत टाकलं होतं आणि पेटीला कुलूप लावलं होतं. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पण बालाघाटच्या बाजाराला त्याचं काय. तिथे बाईनं पांढरं पातळ मागितलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली यायचा. नवरदेवाकडचीही एक-दोन जुनी माणसं कुरकुरत होती, की पोरगी शिकलेली आहे, नोकरी करते, सगळं ठीक, पण पांढऱ्यात उभी राहिली तर लग्न वाटेल की काय वाटेल. हे नणंदेच्या कानावर गेलं होतं. ती बोलणारी नव्हती, पण नोकरीच्या गावी परत जाताना मला म्हणाली,

"वयनी, पांढरंच घे. पण बारीक काठाचं, चांगल्या पोताचं. मले पाहून कोणी कोण मेलं म्हणून विचारलं नाई पाह्यजे. एवढं सांभाळ."

तुम्ही म्हणाल, तुझं स्वतःचं लग्नाचं पातळ होतं की, तेच द्यायचं. होतं ना. लग्नानंतर वर्षाच्या आत मी ते जांभळं रंगवून घेतलं होतं. मला वाटलं, किती छान दिसेन. दिसत होते वांग्यासारखी. सासूबाई महिनाभर माझ्याकडे पाहिलं की भाजी कोणती करायची ते विचारत.

नणंद लालबर्र्याच्या शाळेत शिक्षिका होती. आमच्या दोन्ही घराण्यांतली पहिली नोकरी करणारी मुलगी. मी तिला बाई म्हणायचे, सगळे म्हणायचे. आठवडाभर ती तिथेच खोली घेऊन राही आणि दर सोमवारी बसच्या कंडक्टरबरोबर माझ्या नावानं एक चिठ्ठी येई. घरून काय पाठवायचं ते तिच्यात लिहिलेलं असे.

आता इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला वाचता येत नव्हतं.

लग्न ठरताना माझ्या मामानं सांगितलं होतं, पोरगी चौथी पास आहे. मी शाळेत गेले होते चार महिने. मामानं महिन्यांच्या इयत्ता केल्या. सही तेवढी मी काडीनं मातीत गिरवून गिरवून पाठ केली होती, तीन अक्षरांची. त्या तीन अक्षरांच्या जोरावर मी तीन वर्षं चौथी पास सून म्हणून मिरवले. कोणी काही वाचायला पुढे केलं की मी कागद डोळ्यांपासून लांब धरायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "शी बाई, काय अक्षर काढलंय, लागतच नाही." लोक कागद परत घेऊन स्वतः वाचायचे. वर्तमानपत्र नवरा मोठ्यानं वाचायचा, सासूबाईंना वाचता येत नव्हतंच. माझं छान चाललं होतं.

राहिल्या बाईच्या चिठ्ठ्या. त्या कोणाला दाखवल्या तर पंचाईत. मग मी चिठ्ठी घ्यायचे, कंडक्टरसमोर डोळे फिरवून हसायचे आणि बरणीत लोणचं भरून द्यायचे. माझा विचार असा, की एकट्या राहणाऱ्या मुलीला घरचं काय हवं असणार. लोणचं. लोणचं कोणाला नको असतं. तीन वर्षं दर सोमवारी लोणचं. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणजे माझा अंदाज बरोबर. किती हुशार होते मी.

तर भोंगा गेल्यापासून माझे पाय घरात ठरेनात. बुधवारी पाणी भरायच्या निमित्तानं गेले, दुकान पाहून आले. गुरुवारी मीठ आणायला गेले, पुन्हा दुकानासमोर. वर मोठा कापडी फलक लावला होता. मी त्याच्यासमोर मान वाकडी करून उभी राहिले. शेजारी एक खेड्यातली बाई होती, तिनं विचारलं, "का लिखो है, बाई?" मी भोंग्यातलं सगळं घडाघडा सांगितलं, एक शब्द न चुकता. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी दोन दिवस त्याच नशेत होते.

सासूबाई गुरुवारी हट्ट्याला निघाल्या, तिकडच्या नातेवाइकांना आमंत्रणं द्यायला. नवरा जंगल खात्यात, तो दौऱ्यावर परसवाड्याच्या बाजूला, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार. म्हणजे पातळाचं सगळं माझ्या गळ्यात. पायात चपला घालता घालता सासूबाई म्हणाल्या,

"आजच घेऊन टाक वं ते पातळ."

"शनिवारी आणखी उतरते, माय. शेवटच्या दिवशी त्याहीले दुकान रिकामं करा लागते. मंग पाह्यजा कसं देतेत."

"अन् शनिवारपर्यंत संपलं मंग?"

"पांढरं कोण नेते, माय?"

हे मी सांगितलं. पांढरं कोण नेते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं आणि गेल्या. शुक्रवारी मी घरातली सगळी भांडी दोनदा घासली. रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. डोळ्यांपुढे एकच, की मी अर्ध्याहूनही कमी भावात असं पातळ आणलंय की बाई पाहतच राहिली, आणि नवरदेवाकडच्या बाया माझ्याकडे बोट दाखवून विचारतायत, ही चौथी पास सून का.

शनिवारी भाभीला घेऊन गेले. भाभी सरळ मनाची बाई, तिला पडद्याचं कापड हवं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जे लोक चार-पाच वर्षांत तिथून एक रुमाल घेऊन गेले नव्हते ते सगळे आले होते. काचेची कपाटं उघडी, कापडाचे ढीग जमिनीवर, बाया ढिगात गुडघ्यांवर बसून ओढाताण करत होत्या. भाभी आत शिरली आणि मला पुन्हा दिसली ती थेट घरी. पंखा तेवढा फिरत होता, पण खाली कोणी गार होत नव्हतं.

पातळांच्या बाजूला कानावर पेन्सिल लावलेला एक म्हातारासा विक्रेता होता. मी त्याला म्हटलं, "सफ़ेद साड़ी दिखाओ."

त्याचा चेहरा एकदम उतरला. हातातलं काम ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "घर में कोई गुज़र गया क्या, बहनजी?"

"कोई नहीं गुज़रा."

"भगवान शांति दे," तो म्हणाला. त्यानं ऐकलंच नव्हतं. "सफ़ेद तो कल ही ख़तम हो गईं. बेवा औरतें आई थीं गाँवों से, सब ले गईं."

पांढरं कोण नेते, ते मला तिथे कळलं. आसपासच्या दोघी-तिघी बाया माझ्याकडे वळून पाहू लागल्या, एकीनं तर चक् केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझे कान तापले. एकीकडे पातळ संपलेलं, बुधवारी लग्न, आणि दुसरीकडे ही बाई माझं सांत्वन करतेय. मी तिचा हात झटकून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिकडे गर्दी कमी होती. भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांची पाटी होती. पाटी काय, दुकानात सगळीकडेच पाट्या होत्या, माझ्यासाठी सगळ्या सारख्याच.

तिथे एक तरुण विक्रेता होता. या खेपेला मी शहाणपणा केला. साडी हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, म्हणजे परत कोणाचं मरण निघणार नाही.

"शादी के लिए चाहिए," मी ठसक्यात म्हटलं. "सफ़ेद. बढ़िया वाला. किनार बारीक."

"शादी के लिए? फिर तो ये देखिए, बहनजी." तो लगेच खूश झाला. बालाघाटच्या दुकानात लग्नासाठी पांढरं म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहिलं असेल ते तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. त्यानं कागदी पट्टी गुंडाळलेलं एक जाडजूड गाठोडं काढलं. पट्टी फोडून दाखवायची नाही असा त्या दिवशी नियम होता. पण कडेनं दिसत होतं तेवढ्यानंच माझा जीव शांत झाला. दुधासारखं पांढरं, मऊ, आणि कडेला करंगळीच्या निम्म्यानं निळी किनार. बाईनं मनात आणलं असेल ते हेच.

मी हात घातला आणि दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात आला. पांढऱ्या मिशांचे, बगलेत छत्री धरलेले एक आजोबा.

"बेटी, ये मैंने देखा था."

"मैंने पकड़ा है."

"तुम क्या करोगी इसका?"

"जो सब करते हैं."

आजोबांनी गाठोडं सोडलं नाही. मीही नाही. मला वाटलं, यांच्या घरीही नातीचं लग्न असणार. म्हाताऱ्याला पातळातलं कळतंय, चांगली गोष्ट आहे.

"किसके लिए ले जा रही हो, बेटी?"

"मेरी ननद के लिए."

आजोबांनी गाठोडं सोडलं. इतकं एकदम सोडलं की मी मागच्या बाईच्या पायावर जाऊन पडले. उठून पाहिलं तर आजोबा छत्रीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे नुसते पाहत होते. त्यांच्या त्या नजरेचा अर्थ लावायला मला वेळ नव्हता. तरुण विक्रेता पावती फाडत म्हणाला, "लंबाई पूरी है, बहनजी, इसमें दो..."

"मालूम है," मी म्हटलं.

काय मालूम होतं, मला आजही सांगता येणार नाही. घरी येईपर्यंत मी वाटेत चार जणींना थांबवून गाठोडं दाखवलं. पट्टी काढली नाही. नवरीचं पातळ नवरीनंच उघडावं, असं मनाशी ठरवून पेटीत ठेवलं.

ठेवलं खरं, पण चैन पडेना. आजोबांची नजर आठवायची. गाठोडं इतकं जड का, तेही मनात यायचं. रविवारी सकाळी मी ते बाहेर काढलं आणि पट्टीवरची अक्षरं पाहत बसले. माझ्या सहीतली तीन अक्षरं तरी त्यात सापडतील म्हणून एकेक अक्षर शोधलं. एकही सापडलं नाही. पुन्हा पेटीत ठेवलं. झाडू मारला. पुन्हा काढलं. शेवटी दुपारी पट्टी फाडली आणि पातळ खाटेवर उलगडायला घेतलं.

उलगडतेय, उलगडतेय, पदर काही येईना. पांढरं, मग पांढरं, मग आणखी पांढरं. पाच वार झाले तेव्हा मधे एक आडवी रेघ आली, कापायची खूण, आणि रेघेच्या पलीकडे तेच परत सुरू. तशीच किनार, तसेच पाच वार. खाट भरली, जमिनीवर आलं. अशी खूण मी आधी पाहिली होती. माझ्या वडिलांसाठी दिवाळीला जे कापड यायचं त्यात असायची. ती धोतरजोडी होती.

मी तशीच निघाले, पायात काही न घालता. उन्हात रस्ता तापला होता, मी कधी सावलीतून कधी पळत दुकानापर्यंत पोचले. आजोबांनी का सोडलं, ते मला अर्ध्या वाटेत कळलं आणि मी भर रस्त्यात दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुकान बंद होतं, पण मागचं दार उघडं होतं. तो तरुण विक्रेता आणि दोन हमाल कपाटं बैलगाडीवर चढवत होते. फलक खाली उतरवून गुंडाळून ठेवला होता. मला पाहून त्यानं आधी मडक्यातलं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, पट्टीवरचं मला दिसलं नाही, घाई होती, असं.

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ऊपर लिखा तो था, बहनजी. इतना बड़ा."

रागानं नाही म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. मी मान खाली घातली. त्यानं रिकाम्या दुकानात जाऊन सगळी खोकी पालथी केली, पातळ काही मिळालं नाही. एका खोक्याच्या तळाशी निळ्या कोरीची, म्हणजे काठाच्या पट्टीची, एक गुंडाळी होती, नमुन्यासाठी ठेवलेली. ती त्यानं माझ्या हातात दिली.

"पल्ले में लगा लीजिए. और तो कुछ बचा नहीं." मग म्हणाला, "हमें भी अब कहाँ भेजते हैं, देखें."

घरी आले तर दारात दोन जोड चपला. सासूबाई हट्ट्याहून आल्या होत्या आणि बाई लालबर्र्याच्या बसनं. दोघी खाटेजवळ उभ्या होत्या. खाटेवरून जमिनीवर पसरलेलं ते दहा वार पांढरं, आणि बाईच्या हातात फाटकी कागदी पट्टी.

माझ्या तोंडून सगळ्यात आधी काय निघालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "दुकानवाल्यानं फसवलं, माय. पातळ सांगून धोतर बांधून देल्लं."

सासूबाईंनी पदर खोचला. "कोण मेला आहे तो? लग्नाच्या घराले फसवते? चल, दाखव मले."

"दुकान बंद झालं, माय."

"माणूस त बंद नाही झाला न? त्याच्या मालकाले सांगतो. कंपनीले कागद पाठवतो. बाई लिहीन." त्या बाईकडे वळल्या. "त्याच्यावर काय लिहिलं हाय वं? वाच."

बाई पट्टी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"वाच न. नाईतं सूनबाई, तू वाच. तूच आनलं, चवथी पास हायेस, तूच वाच काय लिहून देल्लं त्यानं."

बाईनं पट्टी माझ्यापुढे धरली. माझ्या मुठीत त्या माणसानं दिलेली कोर होती, घामानं ओली झालेली. मी सवयीनं मान वाकडी केली. अक्षर लागत नाही, हे ओठांवर आलंच होतं. आणि मला तो विक्रेता मडक्यातून पाणी ओतताना दिसला. बाई माझ्या नावानं त्याच्याविरुद्ध कागद लिहिणार, त्या कागदावर मी माझी तीन अक्षरं काढणार, आणि आता कुठे पाठवतात म्हणून बसलेल्या त्या माणसाला ते कुठेच पाठवणार नाहीत.

"मले वाचता येत नाई," मी म्हटलं.

सासूबाई खाटेवर धोतरावरच बसल्या.

"काहीच नाई?"

"सही येते."

"मले त ते बी येत नाई," त्या म्हणाल्या. "पण मी कोणाले चवथी पास हावो म्हणून सांगतलं नाई. तुह्या मामाले मी लग्नात पहिल्या पंगतीत बसवलं होतं. शिकलेली पोरगी देल्ली म्हणून दोन खेपा वाढलं. हात धरून वाढलं." त्यांना माझ्याहून त्या वाढण्याचाच जास्त राग आला होता.

बाई मात्र हसत होती. तोंडावर पदर नव्हता, सरळ हसत होती.

"वयनी, तीन वर्षांत मी तुले एकदा बी लोणचं मांगितलं नव्हतं. कवा गूळ लिहिला, कवा साबण. एकदा त मले ताप होता, कोणाले तरी पाठव म्हणून लिहिलं. बरणी आली."

"मंग तुम्ही सांगतलं काहून नाई, बाई?"

"तू सांगशील म्हणून थांबली होती. अन् लोणचं चांगलं रायते तुह्यं, खोटं काहून बोलू."

मी रडेन असं मला वाटलं होतं. पण सासूबाई धोतराचं पोत बोटांनी चाचपून म्हणाल्या, "कापड मातर इमानाचं हाय," आणि मग रडायला जागाच उरली नाही.

बाईनं कात्री आणली आणि बरोबर रेघेवर जोडी कापली. पाच वार इकडे, पाच वार तिकडे. एक अंगाला लावून तिनं आरशात पाहिलं. "पदर तेवढा नाई," ती म्हणाली. मी मूठ उघडली. कोर पाण्यात पिळून, निखारे भरलेल्या तांब्यानं सपाट करून आम्ही दोघींनी पदराला दोन रांगा लावल्या. टाके माझे वाकडे, तिचे सरळ. शिवता शिवता तिनं ती कागदी पट्टी पाण्याच्या घडवंचीवर भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवली आणि सुईचं टोक पहिल्या अक्षरावर टेकवलं. "हा ध. धोतराचा. आता तू हे जन्मात विसरणार नाईस." नाही विसरले. लोक ग म भ न शिकतात, मी ध पासून सुरुवात केली.

बुधवारी ती उभी राहिली तेव्हा कोण मेलं म्हणून कोणी विचारलं नाही. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं पातळाची किनार चिमटीत धरून पाहिली आणि मला विचारलं, कुठलं. "कंपनीचं," मी म्हटलं. दुसरे पाच वार माझ्या नवऱ्यानं नेसले होते. बहीण आणि भाऊ शेजारी शेजारी उभे, दोघांना तीच निळी किनार. मी सबंध लग्नभर त्या दोन किनारींवर नजर ठेवून होते, कोणाच्या लक्षात येतं का म्हणून. बुद्धवंदना कोणी म्हटली, कोणी काय दिलं, मला काही आठवत नाही.

बाई सासरी, तुमसरला गेली. जाताना माझ्या हातात पाटी आणि पेन्सिल देऊन गेली आणि मी पुन्हा घरात ठरेनाशी झाले. बाजारात गेले की प्रत्येक पाटीसमोर उभी राहायचे, अक्षर जुळवत. मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. पावसाळा संपता संपता एक दिवस भाजीबाजारात एका बाईनं आपल्या टोपल्यांवर सावलीसाठी जुना फलक बांधलेला दिसला. कंपनीच्या दुकानाचाच. मी त्याखाली उभी राहून तो सबंध वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भोंग्यातला माणूस जे म्हणाला होता तेच होतं. भाजीवाली म्हणाली, "क्या लेना है, बाई?" मला काहीच घ्यायचं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी तुमसरहून येणाऱ्या एका माणसाबरोबर बाईची चिठ्ठी आली. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेली. मी दार लावून घेतलं. अख्खी दुपार गेली, दोनदा पाणी प्यायला उठले, एकदा रागानं चिठ्ठी फेकली आणि परत उचलली. सासूबाई दाराबाहेरून विचारत होत्या, लागलं का, लागलं का. संध्याकाळी लागलं. चारच शब्द होते. वयनी, लोणचं नको पाठवू.

माणूस दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. मी पाटीवर चारदा लिहून, पुसून, मग कागदावर उत्तर लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सहीनंतरचं पहिलं लिखाण. बाई, तुमचं अक्षर लागलं नाही. आणि त्याच्याबरोबर मोठी बरणी भरून दिली.